कूस बदलली नाही, हे आधी कोणाला कळतं?

आत्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही ब्युरोतून एक मावशी लावल्या होत्या. सकाळी आठ ते रात्री आठ. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात चादर बदलता बदलता त्या मला म्हणाल्या, "ताई, आत्याबाई कालपासून डाव्या कुशीवर होत नाहीयेत." मी "बरं, बघते" म्हटलं आणि ऑफिसच्या कॉलवर गेले. संध्याकाळी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही गं, जरा अवघडल्यासारखं होतंय." तीन दिवसांनी डॉक्टर घरी आले. त्यांनी डाव्या खुब्यावर नुसता हात टेकवला आणि आत्या कळवळली. कॅन्सर हाडात उतरला होता. मावशींना तो दिसला होता. त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं, एवढंच.

हा प्रसंग पुन्हा वर आला तो केअर होमवरचं संशोधन वाचताना. विषय ऐकायला रुक्ष आहे: केअर होममध्ये काम करणाऱ्यांना आणि कॅन्सर झालेल्या माणसांना, त्यांच्या घरच्यांना आधार कसा द्यायचा. पण आत शिरलं की सगळी चर्चा फिरून एकाच जागी येते. माणसाच्या सगळ्यात जवळ असणाऱ्याला जे दिसतं, ते औषध लिहून देणाऱ्यापर्यंत पोचतं का? पोचत नसेल तर कुठे अडतं?

आधी केअर होम म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रम येतो. बाग, हरिपाठ, चारचा चहा. ब्रिटनमधलं केअर होम त्याच्या पुढच्या टप्प्यावरचं असतं. घरी भागेनासं झालं की माणूस तिथे जातो. उठता येत नाही, घास गिळता येत नाही, नाहीतर विसरणं इतकं वाढलेलं की गॅस रात्रभर चालू. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ च्या पुढचे सुमारे २ लाख ७९ हजार लोक अशा ठिकाणी राहत होते. त्यांतल्या बहुतेकांना कमीअधिक डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज हरवत जाण्याचा आजार, असतो. ही घरं दोन प्रकारची. एका प्रकारात चोवीस तास शिकलेली नर्स असते. दुसऱ्यात नसते. तिथे दिवसरात्र असतात ते केअर असिस्टंट, म्हणजे आपल्याकडच्या मावशी आणि मामा. अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, गोळी हातात देणं, हे सगळं त्यांचं. नर्स लागली तर बाहेरून, त्या भागाची फिरती नर्स बोलवायची.

अशा घरात कॅन्सर हा बहुधा एकटा येत नाही. फाइलमध्ये हृदय, साखर, गुडघे, विस्मरण अशा यादीत तो पाचव्या-सहाव्या ओळीवर असतो. हॉस्पिटलला वाटतं, आता केअर होम बघेल. केअर होमला वाटतं, कॅन्सरचं हॉस्पिटल बघतंय. मधल्या पोकळीत तो माणूस पलंगावर पडलेला असतो.

दर चौघांतला एक

या पोकळीची खोली आकड्यांत दिसली ती अमेरिकेत. (तिथलं 'नर्सिंग होम' म्हणजे आपल्या गल्लीतलं दहा खाटांचं हॉस्पिटल नव्हे. वयस्कर माणसांनी कायम राहायचं, नर्स असलेलं ठिकाण.) १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. पाच राज्यांतली १,४९२ नर्सिंग होम. ६५ आणि त्यापुढच्या वयाचे, हॉस्पिटलमधून तिथे आलेले १३,६२५ कॅन्सरचे रुग्ण. त्यांतल्या ४,००३ जणांना रोज वेदना होत होत्या, तशी नोंदच होती. या रोज दुखणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांना वेदनेवरचं कुठलंही औषध मिळत नव्हतं. मॉर्फिन तर सोडाच, साधी पॅरासिटामॉलसारखी गोळीसुद्धा नाही.

हजाराहून जास्त माणसं, कॅन्सर, रोजची वेदना, आणि औषधाच्या रकान्यात शून्य. मी हा आकडा दोनदा वाचला.

औषध कोणाला मिळत नव्हतं, तेही त्यांनी तपासलं. वय ८५ च्या पुढे असलेल्यांना कमी मिळत होतं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याकांना कमी. आणि ज्यांची स्मरणशक्ती, समज कमी झाली होती, त्यांनाही कमी. म्हणजे ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही किंवा ज्याचं सांगणं कोणी मनावर घेत नाही, त्याच्या वाट्याला गोळी येत नाही. आणखी एक बाब माझ्या डोक्यात राहिली. वेदनेची नोंद झाली होती. कोणीतरी बघितलं होतं, लिहिलं होतं. बघणं आणि औषध यांच्यामध्ये कुठेतरी साखळी तुटली होती.

"दुखतंय का?" हा प्रश्नच अपुरा

कुठे तुटते, याचं पहिलं उत्तर भाषेत आहे. म्हाताऱ्या माणसाला "दुखतंय का?" विचारलं की बऱ्याचदा "नाही" येतं. इंग्रजी बोलणाऱ्यांचंही तसंच. 'पेन' आहे का विचारलं तर नाही म्हणतात, पण अंग चेंबल्यासारखं वाटतं का, अवघडलंय का, असं विचारलं की मान हलते. म्हणून प्रशिक्षणात आता एका शब्दावर न थांबता दोन-तीन शब्दांत विचारायला शिकवतात.

मराठीत तर हे फारच खरं आहे. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजारपणसुद्धा. "मोठं दुखणं काढलं" म्हणतो आपण. शिवाय वेदनेला आपल्याकडे इतके शब्द आहेत की डॉक्टरांनी वही घेऊन बसावं. कळ येते, ठणकतं, ठसठसतं, चमक मारते, भगभगतं, चुरचुरतं, मुंग्या येतात, सलतं. हे शब्द नुसते अलंकार नाहीत. हाडातल्या कॅन्सरची वेदना बहुधा ठणक्याची असते, हलवलं की वाढते. नस दाबली गेली असेल तर भगभगतं, विजेसारखी चमक जाते, आणि त्याला नेहमीची वेदनाशामक गोळी एकटी पुरत नाही, वेगळ्या जातीचं औषध लागतं. १९७५ साली कॅनडात रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेच्या शब्दांची रीतसर प्रश्नावली बनवली ती याचसाठी. कुठला शब्द माणूस वापरतो, त्यावरून वेदनेची जात कळते. 'भगभगतंय' हा शब्द मावशींनी ऐकला आणि फोनवर डॉक्टरांना "पेशंटला पेन आहे" एवढंच सांगितलं गेलं, तर अर्धं निदान तिथेच सांडलं.

पण ज्याला शब्दच उरले नाहीत त्याचं काय? डिमेन्शिया पुढे गेलेला माणूस काही सांगत नाही. त्याला बघावं लागतं. कसं बघायचं, यासाठी ऑस्ट्रेलियात २००४ साली एक मोजपट्टी आली, अ‍ॅबी पेन स्केल. सहा गोष्टी बघायच्या: आवाज (कण्हणं, रडणं), चेहरा, अंगाची ठेवण, वागण्यातला बदल, नाडी-घाम-ताप असे शरीराचे बदल, आणि जखम किंवा जुनं दुखणं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज २ पर्यंत म्हणजे वेदना नाही, ३ ते ७ सौम्य, ८ ते १३ मध्यम, १४ आणि पुढे तीव्र.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते असं घडतं. सकाळी साडेसात. केअर असिस्टंट एका आजींना कूस वळवून पाठ पुसते आहे. आजी बोलत नाहीत. पण डावा हात पाठीखालून काढताना त्यांनी चादर मुठीत धरली, कपाळाला आठ्या पडल्या आणि श्वास क्षणभर अडकला. पलंगावर स्वस्थ पडलेल्या असताना यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून मोजायचं ते हालचाल करताना, आणि हालचाल करायला हातात धरून असते ती हीच बाई. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा आजी शांत झोपलेल्या असतात.

मोजपट्टीला मर्यादा आहेत. मूठ आवळली ती दुखण्याने की भीतीने, थंड पाण्याने की लाजेने, हे ती सांगू शकत नाही. ते ओळखायला त्या माणसाचं नेहमीचं वागणं माहीत असावं लागतं.

ओळखलं तर काय फरक पडतो, हे नॉर्वेतल्या एका प्रयोगाने दाखवलं. हा प्रयोग कॅन्सरपुरता नव्हता, पण मला या सगळ्यात तो फार महत्त्वाचा वाटतो. १८ नर्सिंग होम, डिमेन्शिया असलेले आणि सतत अस्वस्थ, चिडचिडे, ओरडणारे ३५२ रहिवासी. अशा माणसांना एरवी झोपेची किंवा मनोविकाराची औषधं देऊन गप्प केलं जातं. इथे अर्ध्यांना पायरीपायरीने वेदनेचं औषध दिलं. आधी पॅरासिटामॉल, मग गरजेप्रमाणे त्याच्या वरचं. आठ आठवड्यांत अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरलं होतं. औषध थांबवल्यावर अस्वस्थपणा परत वाढला. २०११ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. ज्यांना 'त्रासदायक' म्हणून नोंदवलं होतं, त्यांतल्या कित्येकांना नुसतं दुखत होतं.

मग सगळ्यांना शिकवूया की!

इथवर वाचून कोणालाही वाटेल की उपाय सरळ आहे. कर्मचाऱ्यांना शिकवा. संशोधकांनाही तेच वाटलं होतं. शिकवण्यासारखं भरपूर आहेही. मॉर्फिन सुरू केलं की पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून द्यायचं, चौथ्या दिवशी आठवून चालत नाही. केमो चालू असलेल्या माणसाला ३८ च्या वर ताप आला तर "उद्या बघू" नाही, तो तातडीचा प्रसंग. आणि कॅन्सरच्या रुग्णाची पाठ दुखायला लागून पाय लटके पडू लागले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातली मज्जारज्जू दाबली जात असण्याची शक्यता असते. तिथे तास मोजावे लागतात, कारण चालणं एकदा गेलं की बहुधा परत येत नाही. केअर होममध्ये मात्र "वय झालं, पाय गेले" असं म्हणून हेच लक्षण सोडून दिलं जाऊ शकतं.

तर शिकवून पाहिलं. युरोपात 'पेस' नावाचा मोठा प्रयोग झाला. बेल्जियम, इंग्लंड, फिनलंड, इटली, नेदरलँड्स, पोलंड, स्वित्झर्लंड या सात देशांतली ७८ नर्सिंग होम. निम्म्या घरांत वर्षभर पद्धतशीर कार्यक्रम राबवला: घरातल्याच काही जणांना तयार केलं, रहिवाशांशी आणि कुटुंबाशी पुढच्या आजाराबद्दल कसं बोलायचं, वेदना कशी मोजायची, शेवटचे दिवस कसे ओळखायचे, सगळं. निकाल २०२० साली आला. मुख्य प्रश्न होता, शेवटच्या आठवड्यात माणसाला आराम जास्त मिळाला का? उत्तर: फरक दिसला नाही. शेवटच्या महिन्यातली एकूण काळजी थोडी बरी झाली होती. पण ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच हलली नाही.

असे निकाल बातमीत येत नाहीत. मला मात्र ते 'यशस्वी' प्रयोगांपेक्षा जास्त शिकवतात. शिकवणं का पुरत नाही? एक कारण साधं आहे: शिकलेली माणसं टिकत नाहीत. इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये २०२१-२२ साली सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. पगार किमान वेतनाच्या आसपास. पाच वर्षं काम केलेल्या बाईला नवीन लागलेलीपेक्षा तासाला काही पेन्सच जास्त मिळतात. मार्चमध्ये वर्ग घेतला, दिवाळीपर्यंत वर्गातली बरीचशी सुपरमार्केटच्या काउंटरवर. ही गळती भरायला ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी केअर वर्करना व्हिसा दिले. भारत, नायजेरिया, झिम्बाब्वेतून हजारो गेले. मार्च २०२४ मध्ये त्यांना नवरा-बायको-मुलं नेण्याची बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये नव्या परदेशी भरतीचं दारच लावलं. म्हणजे आजींची मूठ वाचणारी बाई कदाचित स्वतःच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर वाढताना बघत असते.

दुसरं कारण जरा खोल आहे. वर्गात शिकवतात ते सगळ्यांबद्दल. कामावर समोर असतात त्या एकच आजी. आणि तिने ओळखलं तरी तिचं ऐकायला कोण आहे? शिफ्ट बदलताना पाच मिनिटांत वीस माणसांचा निरोप द्यायचा असतो. वहीत लिहिलं जातं, "रात्र ठीक. नाश्ता अर्धा खाल्ला." मूठ राहून जाते.

महिन्यातून एक तास

या दुसऱ्या कारणावर नेमकं बोट ठेवणारी एक पद्धत ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उभी राहिली. इंग्रजीत तिला 'नीड्स राउंड्स' म्हणतात. आपण 'गरजांची बैठक' म्हणू. करायचं इतकंच: महिन्यातून एकदा, साधारण तासभर, पॅलिएटिव्ह केअरमधली अनुभवी नर्स केअर होममध्ये येते. (पॅलिएटिव्ह म्हणजे रोग बरा होवो न होवो, त्रास कमी करणारी काळजी.) तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर बसते. सगळ्यांची चर्चा करत नाही. ज्यांची तब्येत उतरते आहे, ज्यांचं पुढचं काही ठरलेलं नाही, ज्यांच्या घरचे लोक तणावात आहेत, असे आठ-दहा जण निवडायचे. एकेकाबद्दल विचारायचं. काय बदललं? वजन? झोप? घरचे काय म्हणतात? सहा महिन्यांत ही व्यक्ती गेली तर आश्चर्य वाटेल का?

शिकवणं होतं ते याच गप्पांतून. "आजी मूठ आवळतात" असं कोणी म्हणालं की नर्स विचारते, कधी? कुठल्या बाजूला वळवताना? मग तिथेच वेदनेचा धडा होतो, आणि बैठक संपायच्या आत कोण डॉक्टरांना फोन करणार, कोण मुलीशी बोलणार, कुठलं औषध आधीच आणून ठेवायचं, हे ठरतं. धडा आणि काम यांच्यात अंतर राहत नाही. केअर असिस्टंटचं निरीक्षण आजवर हवेत विरत होतं. आता महिन्यातून एक तास ते ऐकणं हेच कोणाचं तरी काम झालं.

लिझ फोर्बॅट आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर चाचणी घेतली. १२ केअर होम, सुमारे १,७०० रहिवासी. चाचणीची पद्धत भिशीसारखी. भिशीत प्रत्येकाला पैसे मिळतात, फक्त कोणाला कधी ते चिठ्ठी काढून ठरतं. तसंच इथे बाराही घरांना बैठक मिळणार होती, कुठल्या घराची पाळी केव्हा ते चिठ्ठीने ठरलं. त्यामुळे कोणालाही कायमचं वंचित ठेवावं लागत नाही, आणि बैठक सुरू झालेल्या घरांची सुरू न झालेल्यांशी तुलनाही होते. निकाल २०२० मध्ये छापला. हॉस्पिटलमधला मुक्काम सरासरी ०.२२ दिवसांनी कमी झाला. आकडा इवलासा आहे. पण ही सरासरी आहे, आणि महिन्याला एका तासाच्या बोलण्याने हॉस्पिटलचा मुक्काम हलतो हेच विशेष. मरण अधिक सुसह्य झालं असं कर्मचाऱ्यांनी नोंदवलं आणि आपल्याला हे जमतं असा त्यांचा विश्वासही वाढला. त्यानंतर हीच पद्धत ब्रिटनच्या केअर होममध्ये कशी रुजवायची, यावर स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातून काम झालं.

एक शंका मला राहतेच. तासभर चार कर्मचारी बैठकीत बसले तर त्या वेळी मजल्यावर घंटी वाजली की जाणार कोण? माणसंच कमी असतील तर चांगली बैठकसुद्धा कागदावर राहते. एक प्रयोग चालला म्हणून पगाराचा प्रश्न सुटत नाही.

रात्री अडीच वाजता

दिवसा सगळं जमतं. खरी परीक्षा रात्रीची. समजा, नर्स नसलेल्या केअर होममध्ये शेवटच्या दिवसांतल्या कॅन्सरच्या रुग्णाला रात्री अडीचला असह्य वेदना सुरू झाल्या. गोळी गिळता येत नाही. इंजेक्शन द्यायचा अधिकार केअर असिस्टंटला नाही. फिरत्या नर्सला फोन करायचा आणि वाट बघायची. ती येईपर्यंत समोर माणूस तळमळतो आहे. अशा वेळी हात ९९९ कडे, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरकडे जातो, रुग्णवाहिका येते, आणि ज्यांना आपल्या खोलीत शांतपणे जायचं होतं ते आजोबा कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर जातात. त्या बाईला दोष देता येणार नाही. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

म्हणून ब्रिटनमध्ये एक चांगली रीत पडली आहे. शेवटचे दिवस जवळ दिसायला लागले की डॉक्टर चार प्रकारची इंजेक्शनं आधीच लिहून, आणून ठेवतात: वेदना किंवा धाप यांसाठी, मळमळीसाठी, घाबरेपणासाठी आणि घशातल्या घरघरीसाठी. नर्स आली की औषधाची दुकानं शोधत बसावं लागत नाही. कुलूपबंद कपाट, मॉर्फिनची वेगळी वही, दोघांच्या सह्या, हे ओघाने आलं.

आणि आधीच बोलून ठेवणं. मेलबर्नच्या एका हॉस्पिटलमध्ये ८० आणि त्यापुढच्या वयाच्या ३०९ रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांशी कोणीतरी मुद्दाम बसून बोललं: पुढे तब्येत बिघडली तर तुम्हाला काय हवं, काय नको, तुमच्या वतीने कोण बोलेल. त्यांतले जे पुढे वारले, त्यांच्यापैकी ८६ टक्के जणांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. ज्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के. मागे राहिलेल्या नातेवाइकांतही तणाव, चिंता, नैराश्य कमी आढळलं. आपल्याकडे "असं अभद्र बोलू नये" म्हणून जे टाळलं जातं, त्याची किंमत नंतर मुलं-सुना मोजतात. "व्हेंटिलेटर लावायला नको होता का?" हा प्रश्न तेराव्यालाही संपत नाही.

तिच्या दुःखाला सुतक नाही

कर्मचाऱ्यांच्या मनाचा विषय संशोधनात जरा उशिरा आला. दोन वर्षं ज्यांचे केस विंचरले, ज्यांच्या नातवंडांची नावं पाठ झाली, ते आजोबा पहाटे गेले. तिने त्यांना शेवटची अंघोळ घातली, कपडे केले. थोड्याच दिवसांत त्याच खोलीत नवीन माणूस. ती नातेवाईक नाही, म्हणून रजा नाही. व्यावसायिक आहे, म्हणून रडायचं नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'हक्क नाकारलेलं दुःख'. मराठीत सांगायचं तर ज्याला सुतक नाही असं दुःख. २०२० च्या कोविडमध्ये केअर होममधल्या माणसांनी हे महिनोन्‌महिने, एकामागून एक भोगलं.

यावर एक उपाय एका रुग्णाकडूनच आला. केनेथ श्वार्ट्झ हे बोस्टनमधले आरोग्य क्षेत्रातले वकील. चाळिशीत फुप्फुसाचा कॅन्सर झाला, १९९५ मध्ये ते गेले. आजारपणात त्यांना जाणवलं की औषधांइतकाच आधार त्यांना काळजी घेणाऱ्यांच्या छोट्या छोट्या माणुसकीने दिला. त्यांच्या नावाने संस्था निघाली आणि 'श्वार्ट्झ राउंड्स' सुरू झाले. डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सगळे एका खोलीत बसतात. केस कशी हाताळली यावर चर्चा नाही. त्या वेळी मला काय वाटलं, एवढंच बोलायचं. २००९ पासून हे इंग्लंडमध्ये आलं, मुख्यतः हॉस्पिटल आणि हॉस्पिसमध्ये (हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण). तिथल्या अभ्यासात नियमित येणाऱ्यांमधलं मानसिक अस्वास्थ्याचं प्रमाण २५ वरून १२ टक्क्यांवर आलं. न येणाऱ्यांमध्ये ते ३७ वरून ३४, म्हणजे जवळपास तिथेच राहिलं. हे आकडे वाचताना थोडं सावध राहावं. जे मुळात बरे आहेत तेच अशा बैठकीला येत असतील, हेही शक्य आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात कॅन्सरचे शेवटचे दिवस बहुधा घरीच जातात, आणि तिथे केअर असिस्टंटच्या जागी असते ब्युरोची मावशी किंवा घरातली सून. हॉस्पिस मोजकी आहेत. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं. गोव्यात त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालतं. मॉर्फिनची अडचण कायद्याने केली होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाने डॉक्टर आणि केमिस्ट दोघांनी हात आखडता घेतला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, पण 'मॉर्फिन लावलं म्हणजे संपलं' ही भीती नियमाने जात नाही. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन कॅन्सरच्या रुग्णाला सहसा ना व्यसनी करतं ना लवकर मारतं. वेदनेने जो उठून बसू शकत नव्हता, तो कधीकधी बसून पेज पितो.

ब्युरोच्या मावशींना वेदना मोजायला कोणी शिकवलेलं नसतं. पण माणूस घेताना आपण काय विचारतो? पगार किती, सुट्टी किती, डायपर बदलाल ना. मी आता ओळखीत कोणाच्या घरी मावशी लावायच्या असतील तर दोन गोष्टी सांगते. एक, पलंगाशी साधी वही ठेवा आणि मावशींना रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारा: "आज नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं?" त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'भगभगतंय म्हणतात' असेल तर तसंच. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. डॉक्टर आले की ते आधी वाचून दाखवा, रिपोर्टची फाइल नंतर. दोन, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक नंबर लिहून ठेवा: रात्री अडीचला फोन उचलणाऱ्या माणसाचा. तो नंबर कोणाचा हे आज, दिवसाउजेडी, त्या माणसाला विचारून ठरवा.